खुली प्रणाली : तीन दावे आणि एक हजेरीपट

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीची सर्वसाधारण सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. ज्या शाळांतील संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, त्यांना आता निर्णय घ्यावा लागणार आहे. यंत्रे तर चालू आहेत. मग ती भंगारात काढायची का? अशा वेळी त्यांवर लिनक्स बसवण्याचा सल्ला दिला जातो. सल्ला चांगलाच आहे. पण त्याच्या समर्थनार्थ जी कारणे सांगितली जातात, ती सर्व सारख्या वजनाची नाहीत. आपण एखादी गोष्ट कोणत्या कारणासाठी स्वीकारतो, यावर ती वर्गात कशी वापरली जाईल हे अवलंबून असते. म्हणून ही कारणे तपासून पाहू.

पहिला दावा असा, की ही प्रणाली फुकट मिळते. हे बहुतांशी खरे आहे; पण रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा त्यांचा भर किमतीवर नव्हता. सॉफ्टवेअर वापरणे, त्याची मूळ आज्ञावली अभ्यासणे, ती बदलणे आणि बदललेली प्रत इतरांना देणे, ही मोकळीक त्यांना हवी होती. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहिलेला लिनक्सचा गाभा पुढच्याच वर्षी ग्नूच्या परवान्याखाली आला आणि दोन्ही मिळून पूर्ण प्रणाली तयार झाली. केवळ पैसे वाचतात म्हणून ती आणणारी शाळा यातील एकही मोकळीक वापरत नाही. शिवाय बसवणे, शिकवणे, बिघाड दुरुस्त करणे यांत शिक्षकाचा वेळ जातो आणि त्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

दुसरा दावा असा, की आज्ञावली सर्वांसमोर असल्याने चुका लपून राहत नाहीत. हे अर्धसत्य आहे. इंटरनेटवरील संभाषण सुरक्षित ठेवणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाची गंभीर चूक २०१२ च्या आवृत्तीतून शिरली आणि २०१४ मध्ये उघडकीस आली. दोन वर्षे ती सर्वांसमोर होती, पण कोणाच्या लक्षात आली नाही. लिनक्सच्या गाभ्यातच आज तीन कोटींहून अधिक ओळी आहेत. वाचण्याची परवानगी असणे वेगळे आणि कोणी प्रत्यक्ष वाचणे वेगळे. ग्रंथालय उघडे आहे म्हणून गाव वाचते असे आपण म्हणत नाही.

तिसरा दावा असा, की या प्रणालीमुळे वापरणारा हळूहळू करणारा होतो. शिक्षकांच्या दृष्टीने मोलाचा दावा हाच. तो एका लहान कामावर पारखून पाहू.

वर्गातील मुलांची नावे मराठी वर्णक्रमाने लावायची आहेत. पायथन ही भाषा लिनक्सच्या बहुतेक प्रचलित संचांत आधीपासून असते. तिला नावांची यादी देऊन क्रम लावायला सांगितले, तर ‘क्षितिजा’ हे नाव ‘कौस्तुभ’नंतर आणि ‘खंडू’च्या आधी येते. ‘काळूराम’ हा ‘कावेरी’च्या आधी येतो. आपल्या वर्णमालेत तर ळ, क्ष, ज्ञ हे ‘ह’च्या पुढे असतात. मग यंत्राचे चुकले का? नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला क्रमांक आहे आणि पायथनने ते क्रमांक पाहिले. तेथे ‘ळ’ला ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मधली जागा आहे. ‘क्ष’ तर एक अक्षर म्हणून नाहीच. तो क, हलन्त आणि ष अशा तीन चिन्हांचा बनतो.

यावर सोपा वाटणारा उपाय असा, की या तीन अक्षरांना सर्वांत मोठे क्रमांक द्यावेत. पण मग ‘कळंबकर’ हे आडनाव ‘काळे’च्या मागे जाते, कारण ‘ळ’ आता काना-मात्रांच्याही पुढे गेला! म्हणजे स्वर, व्यंजने आणि स्वरचिन्हे यांची आपल्या क्रमाने यादी करून प्रत्येकाला तिच्यातील स्थान द्यावे लागते. हे काम वीस-पंचवीस ओळींत होते. ते करताना विद्यार्थ्याला कळते, की वर्णक्रम हा निसर्गनियम नसून माणसांनी घेतलेला निर्णय आहे. ‘क्ष’ शेवटी घ्यावा की ‘क’मध्ये, यावर वर्गात वादही होऊ शकेल. तो अवश्य होऊ द्यावा.

एक आक्षेप येथे नोंदवला पाहिजे. पायथन विंडोजवरही चालते, तेव्हा हे काम तेथेही होईल. मग फरक कोठे पडतो? तो पुढच्या पायरीवर पडतो. प्रणाली स्वतः क्रम कसा लावते, असे एखाद्या मुलीने विचारले, तर लिनक्समध्ये तिला मराठीसाठीची फाइल उघडून दाखवता येते. वारांची व महिन्यांची नावे, रुपयाचे चिन्ह आणि क्रमवारीचा विभाग, सारे तेथे साध्या मजकुरात असते. त्या फाइलची प्रत काढून तिला बदल करून पाहता येतो आणि तो पटण्याजोगा असेल तर मूळ प्रकल्पाकडे पाठवताही येतो. मालकीच्या प्रणालीत हा प्रश्न अशा ठिकाणी थांबतो, की जेथून पुढे शिक्षकही जाऊ शकत नाही.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. काही छपाईयंत्रे लिनक्सवर सहज चालत नाहीत. युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका, तो टंक हाताशी नसेल तर, निरर्थक चिन्हांसारख्या दिसतात. काही कार्यालयीन कामे विशिष्ट सॉफ्टवेअरशी बांधलेली असतात. त्यामुळे एका दिवसात सर्व संगणक बदलणे शहाणपणाचे नाही. केरळमधील सरकारी व अनुदानित शाळांत मुक्त सॉफ्टवेअर अनेक वर्षे वापरात आहे; पण तेथे प्रणालीबरोबर शिक्षकांचे प्रशिक्षण आणि पाठ्यपुस्तकेही आली. नुसती तबकडी वाटून ते झाले नसते.

यातून निष्कर्ष असा निघतो. प्रणाली बदलून ‘कोणत्या चित्रावर टिचकी मारावी’ हेच पाठ करून घ्यायचे असेल, तर बदलाचा खटाटोप व्यर्थ आहे. आधी एकाच संगणकावर लिनक्स बसवावे आणि आठवी-नववीच्या मुलांना शाळेतलेच एखादे काम द्यावे : हजेरीपटाचा क्रम, पर्जन्यमापकाच्या नोंदींची सरासरी, वाचनालयातील पुस्तकांची देवघेव. आज्ञावली चुकेल, मुले ती दुरुस्त करतील. सहा महिन्यांनी किती मुलांनी आपणहून नवे काम शोधले ते मोजावे आणि उरलेल्या संगणकांचा निर्णय त्यानंतर घ्यावा.