रिकामी खुर्ची : अँथनी डिमेलो यांची ‘साधना’

अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी ज्याने पाहिली आहे, त्यास अध्यात्म आणि मनाचे पृथक्करण या परस्परविरुद्ध गोष्टी आहेत असे कोणी सांगू लागल्यास ते सहसा पटावयाचे नाही. सुमारे चाळीस फूट लांब व चार फूट रुंद अशा त्या कापडावर पंतांनी पंचीकरण लिहिले. देह कशाकशाचा झाला आहे, अंतःकरणाचे व्यापार कोणते, याची फोड करून ती आकृत्यांनी दाखविली. फोड करणारा हा पुरुष निस्सीम दत्तभक्त होता, आणि त्या फोडीने त्याच्या भक्तीस उणेपणा आला असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. त्यामुळे कॅथलिक श्रद्धा व अर्वाचीन मानसशास्त्र यांची सांगड घालणारे एक पुस्तक हाती आले, तेव्हा ‘यात नवे ते काय?’ हाच प्रश्न प्रथम मनात उभा राहिला. पुस्तक दोनदा वाचल्यावर मात्र तो ग्रह सोडणे भाग पडले.

पुस्तकाचे नाव ‘साधना’. ते १९७८ साली इंग्रजीत निघाले. (मराठी वाचकास या नावाने प्रथम साने गुरुजींचे साप्ताहिक आठवेल, त्यास इलाज नाही.) ग्रंथकर्ते फादर अँथनी डिमेलो यांचा जन्म १९३१ साली मुंबईस झाला. तरुणपणीच ते येशूसंघात शिरले, शिकागो येथे मानसशास्त्राचे शिक्षण घेऊन परतले, आणि प्रथम पुण्यास व पुढे लोणावळ्यास त्यांनी ‘साधना’ याच नावाची संस्था चालविली. १९८७ च्या जून महिन्यात न्यूयॉर्क येथे त्यांचा अकस्मात अंत झाला. त्यांच्या संघाचे महाराष्ट्र-कोकणाशी नाते जुने आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. हा ग्रंथकार दासोपंतांचा समकालीन. त्याने ओवी आमची घेतली, कथा मात्र स्वतःची राखली. डिमेलो यांनी श्वासाकडे लक्ष देण्याचा बौद्धांचा अभ्यास व नामस्मरण घेतले, आणि मानसोपचारातील कित्येक युक्त्याही घेतल्या. घेतलेल्या साच्यात त्यांनी स्वतःची कथा कितपत राखली, हाच या पुस्तकाविषयीचा खरा प्रश्न होय.

ही सांगड घालण्याची गरज का पडावी, हे समजण्यास येशूसंघाच्या संस्थापकाचे चरित्रच पुरे आहे. १५२२ साली मनरेसा येथे तप करीत असता इग्नेशियस लोयोला यास पापशंकेने ग्रासले. सांगितलेले पाप पुरते सांगितले गेले नाही असे वाटून तो पुनःपुन्हा पापनिवेदन करी. सगळे लिहून काढले तरी शंका फिरून उभी राही. शेवटी खोलीतील एका विवरात उडी घालून जीव द्यावा असा मोह त्यास होऊ लागला. हे सारे त्याने आपल्या आत्मवृत्तात निःसंकोच सांगितले आहे. आज एखादा मानसरोगतज्ज्ञ हे वर्णन वाचील तर त्यास ते ओळखीचे वाटेल. श्रद्धेत या माणसाच्या काही कमी होते असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? आणि श्रद्धेचे जे साधन, म्हणजे पापनिवेदन, तेच येथे व्याधीचे खाद्य झाले होते. पुढे त्याने ध्यानाभ्यासाचे जे पुस्तक रचले व ज्यास १५४८ साली पोपची संमती मिळाली, त्यात मनाच्या भरती-ओहोटीचे नियम आहेत. ओहोटीच्या वेळी पूर्वीचा निश्चय बदलू नये, हा त्यांतील एक. पोळलेल्या माणसाचे हे शहाणपण आहे.

चर्चने अर्वाचीन मानसशास्त्राकडे आरंभी साशंक दृष्टीने पाहिले यात नवल नाही. १९२७ साली फ्रॉइड यांनी धर्म हा भ्रमच ठरविल्यावर त्यांच्या विद्येचे स्वागत कोणता धर्मगुरू करील? तथापि १९५३ साली मानसोपचारकांच्या परिषदेपुढे बोलताना बारावे पायस यांनी एक महत्त्वाचा भेद केला. अपराधाची भावना रोगट असू शकते हे त्यांनी मान्य केले. परंतु खरा अपराध घडला असेल तर केवळ मानसिक उपचाराने तो धुतला जाणार नाही, असेही बजावले. भेद सोपा दिसतो, पण समोरच्या रडणाऱ्या माणसास तो लावून पाहावा म्हणजे तो किती कठीण आहे हे कळते.

डिमेलो यांच्या पुस्तकात एकंदर सत्तेचाळीस अभ्यास असून त्यांचे जाणीव, कल्पना व भक्ती असे तीन विभाग आहेत. पहिला विभाग आपल्याकडील वाचकास परिचित वाटेल. शांत बसावे, अंगावरील वस्त्राचा स्पर्श जाणावा, श्वास येतो-जातो तो पाहावा. पुस्तकाचा प्राण दुसऱ्या विभागात आहे. रोझरीच्या जपमाळेत येशूच्या व मरियेच्या चरित्रातील आनंदाची व दुःखाची रहस्ये कॅथलिक भाविक चिंतितो. डिमेलो त्यास म्हणतात की, तुझ्याही आयुष्यात अशी रहस्ये आहेत, तिकडे परत जा. सुखाचा प्रसंग पुन्हा भोगावा. दुखावणाऱ्या प्रसंगी पुन्हा उभे राहावे आणि त्या प्रसंगात ख्रिस्त कोठे होता ते शोधावे. ज्याचा राग मनात साचला आहे त्यास डोळ्यांपुढे आणून मनातील बोलून टाकावे. क्षमा करण्यापूर्वी राग झाला होता हे कबूल करावयाचे, ही गोष्ट मानसोपचाराने धर्मास शिकविली असे मी म्हणेन; कारण धार्मिक घरांतून राग गिळणे यासच क्षमा म्हणण्याची चाल फार आहे, आणि ती ख्रिस्ती घरांपुरती नाही.

याच विभागात रिकाम्या खुर्चीचा अभ्यास आहे. एक धर्मगुरू रोग्यास भेटावयास जातो. खाटेजवळ खुर्ची रिकामी ठेविलेली दिसते. रोगी सांगतो की, मला प्रार्थना जमत नसे. मित्राने सांगितले, समोर खुर्ची ठेव, येशू तीत बसला आहे असे मान आणि बोल. तेव्हापासून मी बोलतो. काही दिवसांनी रोग्याची मुलगी वडील गेल्याचे सांगावयास येते. अखेरच्या वेळी ते एकटेच होते. पण त्यांचे डोके उशीवर नव्हते, त्या खुर्चीवर टेकलेले होते.

ही खुर्ची मानसोपचाराच्या खोलीतही आहे. गेस्टाल्ट पद्धतीचे आचार्य फ्रिट्झ पर्ल्स रोग्यापुढे रिकामी खुर्ची ठेवीत. तीत वडील बसले आहेत, किंवा आपलाच भित्रा भाग बसला आहे, असे समजून रोग्याने बोलावयाचे. मग उठून त्या खुर्चीत जाऊन बसावयाचे व तिकडून उत्तर द्यावयाचे. मानसोपचार शिकलेल्या डिमेलो यांस ही रीत अपरिचित असणे संभवत नाही. परंतु त्यांच्या रोग्याने खुर्चीवर डोके टेकले, तो तीत जाऊन बसला नाही. माझ्या मते सर्व भेद येथेच आहे. पर्ल्स यांच्या खोलीत खुर्चीतला दुसरा हा अखेर माझाच अंश ठरतो, आणि तसा ठरला म्हणजे रोगी बरा होऊ लागतो. प्रार्थनेत दुसरा हा खरोखरच दुसरा असावा लागतो. येशूचे उत्तर कल्पनेतूनच ऐकावयाचे हे डिमेलो लपवीत नाहीत. तू कल्पितोस तसा तो तेथे नसेल, पण तो आहे खास, आणि कल्पना ही श्रद्धेची चाकर आहे, अशा आशयाचा खुलासा ते करतात. चाकर धनी होऊन बसला तर काय, ही भीती उरतेच. तरी या पुस्तकात तोल सुटलेला नाही.

पुढे तो सुटला, असे रोमचे म्हणणे पडले. २४ जून १९९८ रोजी कार्डिनल रॅट्झिंगर यांच्या अधिकाराखालील श्रद्धासिद्धान्तविषयक मंडळाने डिमेलो यांच्या लेखनाविषयी सूचनापत्र काढले. आत्मसंयमास त्यात उपयोग आहे व आरंभीचे लेखन बहुतांशी ख्रिस्ती अध्यात्माच्या मर्यादेत आहे हे मान्य करून, पुढील लेखनात ईश्वर हा व्यक्तिस्वरूप न राहता केवळ शून्यवत होत जातो, असा आक्षेप त्याने घेतला. आक्षेपातील एक अन्याय उघड आहे. ‘अवेअरनेस’ या नावाने १९९० साली निघालेले पुस्तक त्यांच्या भाषणांवरून त्यांच्या पश्चात सिद्ध झाले, आणि मृत माणसास खुलासा करता येत नाही.

परंतु आमच्याकडे या प्रकरणी ‘रोमने एका द्रष्ट्याची मुस्कटदाबी केली’ असे म्हणून लोक मोकळे होतात, तेही मला पटत नाही. ‘क्रोध आला आहे, पण मी क्रोध नव्हे’ असे डिमेलो उत्तरकाळी सांगू लागले, तेव्हा मुकुंदराजांच्या समाधीपाशी राहणाऱ्या वाचकास ते घरचेच वाटते, आणि म्हणूनच तो त्याची अधिक स्तुती करतो. ही स्तुती आळशीपणाची आहे. दुसरा माणूस आमचेच बोलतो म्हणून तो थोर, ही कसोटी टीकाकारास शोभत नाही. मला स्वतःस अद्वैत प्रिय असले, तरी खाटेवरच्या त्या रोग्यास साक्षीभाव नको होता. त्यास सोबत हवी होती.

राहिला एक दोष, आणि तो लहान नाही. दुसऱ्या विभागात आपलीच अंत्ययात्रा कल्पनेने पाहण्याचा व आपल्या प्रेताचे चिंतन करण्याचाही अभ्यास आहे. लोणावळ्याच्या शिबिरात जाणत्या मार्गदर्शकाच्या देखत, धडधाकट माणसांनी हे केले तर जीविताची किंमत कळत असेल. परंतु छापील पुस्तक शिबिरात थांबत नाही. ते कोणाच्याही हाती पडते. कर्जाने व अवर्षणाने शेतकरी आत्महत्या करतात अशा या बीड जिल्ह्यात, रात्र रात्र झोप नसलेला एखादा तरुण ते उघडील आणि नेमके तेच पान काढील. त्यास मी अभ्यास सांगणार नाही. गावातच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, तेथे त्याच्यासोबत जाईन. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत या दोन अभ्यासांच्या माथ्यावर प्रकाशकांनी चार ओळींची सूचना घालावी, आणि मराठी भाषांतर करणाऱ्याने ती मूळात नसली तरी स्वतःच्या जबाबदारीवर घालावी.