‘मित्राची गोष्ट’ : साहाय्यकर्त्याची सहानुभूती आणि सेवार्थीचा आत्मनिर्णय

प्रस्तावना :

विजय तेंडुलकर यांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. सुमित्रा देव ऊर्फ मित्रा या समलिंगी तरुणीची मध्यवर्ती भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, ‘सखाराम बाइंडर’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकांच्या तुलनेत या नाटकाची चर्चा मर्यादित राहिली. जी झाली, तीही बहुधा ‘धाडसी विषय’ या एकाच अंगाने झाली. एका स्त्रीचे दुसऱ्या स्त्रीवरील प्रेम, त्यातून आलेली शोकांतिका आणि समाजाची क्रूरता ही त्या चर्चेची सूत्रे होती.

ही सूत्रे चुकीची नाहीत, परंतु ती अपुरी आहेत. कारण हे नाटक जितके मित्राचे आहे, तितकेच ते बापूचे आहे. बापू हा या नाटकाचा निवेदक आहे, मित्राचा विश्वासू आहे आणि तिच्या आयुष्यातील एकमेव साहाय्यकर्ताही आहे. साहाय्य करू पाहणाऱ्या माणसाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दृष्टीने नाटकाचे वाचन केल्यास समाजकार्याच्या व्यवहाराला आणि लैंगिक विविधतेच्या हक्कांच्या इतिहासाला लागू पडणारा एक मूलभूत प्रश्न त्यातून पुढे येतो. तो प्रश्न असा की, एखाद्या व्यक्तीचा स्वतःविषयी निर्णय घेण्याचा अधिकार हा साहाय्यकर्त्याच्या सौजन्यावर अवलंबून असावा काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

शीर्षकातील द्व्यर्थ :

नाटकाच्या शीर्षकातच दोन अर्थ आहेत. ‘मित्रा’ या नायिकेच्या नावाचे षष्ठीचे रूप ‘मित्राची’ असे होते आणि ‘मित्र’ या सामान्यनामाचे रूपही तेच होते. ही गोष्ट मित्रा नावाच्या मुलीची आहे, तशीच ती एका मित्राने सांगितलेली, त्या मित्राचीही आहे. गौरी रामनारायण यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाच्या शीर्षकाला यांपैकी मैत्रीचाच अर्थ स्वीकारावा लागला. मराठीत मात्र दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळलेले राहतात.

हे मिसळणे अर्थपूर्ण आहे. प्रेक्षकाला मित्रा भेटते ती बापूच्या आठवणीतून. तिच्या मनातील जे बापूला कळले तेवढेच प्रेक्षकाला कळते. जे बापूला पेलले नाही, ते निवेदनाच्या काठावर राहते. समाजकार्याच्या क्षेत्रात जो ‘व्यक्तिवृत्तांत’ लिहिला जातो, त्याचे स्वरूपही नेमके असेच असते. सेवार्थीचे आयुष्य कार्यकर्त्याच्या शब्दांत नोंदले जाते आणि पुढे ती नोंदच त्या व्यक्तीची ओळख बनते. तेंडुलकरांनी निवेदकाची योजना हेतुतः याच विचाराने केली असेल असे म्हणण्याचे कारण नाही. तथापि त्या योजनेमुळे नाटकात ही रचना आपोआप सिद्ध झाली आहे.

बापू : साहाय्यकर्ता म्हणून :

नाटकाचा काळ स्वातंत्र्यपूर्व आहे आणि वातावरण महाविद्यालयाचे आहे. संकोची, न्यूनगंडाने ग्रासलेला बापू मोकळ्या स्वभावाच्या मित्राकडे ओढला जातो. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेली मित्रा आपले गुपित त्याला सांगते. पुरुषाविषयी आपल्याला आकर्षण वाटत नाही, याचा शोध तिला अत्यंत क्लेशकारक अनुभवातून लागलेला आहे. पुढे महाविद्यालयाच्या नाटकात पुरुषाची भूमिका करताना ती नमा या सहकलाकार मुलीच्या प्रेमात पडते. नमाचा प्रियकर मन्या दळवी याच्या हाती मित्राचे पत्र लागते आणि ते बदनामीचे हत्यार बनते. मित्राची सर्व बाजूंनी कोंडी होते. अखेरीस बापूही तिच्यापासून दूर होतो आणि मित्रा आपले जीवन संपवते.

फेलिक्स बीस्टेक यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात व्यक्तिसाहाय्य कार्यातील नातेसंबंधाची सात तत्त्वे मांडली. व्यक्तिविशिष्टता, भावनांची हेतुपूर्ण अभिव्यक्ती, नियंत्रित भावनिक सहभाग, स्वीकार, दोषारोपरहित दृष्टी, सेवार्थीचा आत्मनिर्णय आणि गोपनीयता ही ती तत्त्वे होत. समाजकार्याच्या अभ्यासक्रमांत ती आजही शिकवली जातात. बापू हा प्रशिक्षित कार्यकर्ता नाही, त्यामुळे त्याला या तत्त्वांच्या कसोटीवर दोषी ठरविणे अन्यायाचे होईल. परंतु त्याचे वर्तन समजून घेण्यास ही तत्त्वे उपयोगी पडतात.

बापूजवळ स्वीकार आहे. मित्राचे गुपित ऐकून तो तिला विकृत ठरवत नाही आणि तिच्यापासून लगेच पळून जात नाही. तो गोपनीयता पाळतो. मित्रा आणि नमा यांच्या भेटीसाठी खोलीची व्यवस्था करून देण्यापर्यंत त्याची मजल जाते. तत्कालीन मध्यमवर्गीय संस्कारांत वाढलेल्या तरुणाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

त्याच्याजवळ नाही तो नियंत्रित भावनिक सहभाग. मित्राविषयी त्याला स्वतःलाच ओढ आहे. तिच्या मागण्या वाढतात, त्याच्यावरही लोकांचे लक्ष जाऊ लागते, तेव्हा त्याची सहानुभूती थकते. ती थकल्यावर मित्राजवळ काहीच उरत नाही, कारण तिच्या बाजूने उभी असलेली दुसरी कोणतीही व्यवस्था अस्तित्वातच नाही. बापूची माघार ही क्रूर माणसाची माघार नाही. एका सज्जन माणसाच्या मनाची शक्ती संपल्यामुळे झालेली ती माघार आहे, आणि म्हणूनच ती अधिक अस्वस्थ करते. एकाच व्यक्तीच्या भलेपणावर टेकलेले आयुष्य किती असुरक्षित असते, हे नाटकाइतक्या स्पष्टपणे क्वचितच एखाद्या मराठी कलाकृतीने दाखविले असेल.

कायदा आणि मित्रा :

मित्राच्या प्रश्नाचा विचार करताना भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ चा उल्लेख स्वाभाविकपणे होतो. १८६० च्या संहितेतील या कलमाने ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंध गुन्हा ठरविला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी सज्ञान व्यक्तींच्या संमतीने होणाऱ्या खासगी संबंधांना त्यातून वगळले. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निकाल फिरविला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने अशा संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून अंतिमतः बाहेर काढले. हक्कांच्या इतिहासातील हे टप्पे महत्त्वाचे आहेत, यात शंका नाही.

परंतु नाटक बारकाईने पाहिल्यास असे दिसते की, कलम ३७७ मित्राच्या आयुष्यात कोठेही येत नाही. तिला पोलीस पकडत नाहीत, तिच्यावर खटला होत नाही. तिला छळतात ती लग्नाची अपेक्षा, पत्राचा धाक, महाविद्यालयातील कुजबुज आणि एकटेपणा. तत्कालीन कायद्याच्या दृष्टीने तिच्या हातून घडलेला उघड गुन्हा एकच आहे, तो म्हणजे आत्महत्येचा प्रयत्न. कलम ३०९ अन्वये त्यासाठी एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद होती. ज्या क्षणी तिला साहाय्याची सर्वाधिक गरज होती, त्याच क्षणी कायदा तिच्याकडे अपराधी म्हणून पाहत होता.

म्हणून मित्रासारख्या व्यक्तीच्या संदर्भात २०१८ च्या निकालाइतकाच मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ महत्त्वाचा ठरतो. या कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले आणि तिची शुश्रूषा व पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी ठरविली. मानसिक आरोग्य सेवा देताना लैंगिक कलाच्या आधारे भेदभाव करता येणार नाही, हेही त्यात नमूद करण्यात आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३७७ ला समांतर तरतूद नाही आणि आत्महत्येचा प्रयत्न हा सर्वसाधारण गुन्हाही राहिलेला नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क मान्य करण्यास नकार दिला, त्याची मोठी चर्चा झाली. मित्राच्या गोष्टीत मात्र विवाह करण्याच्या हक्काआधी विवाह नाकारण्याचा हक्क येतो. मराठी कुटुंबातील अनेक मुलींच्या बाबतीत हा पहिला हक्कच अद्याप वादाचा विषय आहे.

ज्ञान होते, पोहोचले नाही :

मित्राच्या काळात या विषयाचे ज्ञानच नव्हते, असे समर्थन केले जाण्याची शक्यता आहे. वस्तुस्थिती तशी नाही. र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक १९२७ पासून निघत होते आणि त्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना शास्त्रीय दृष्टीने उत्तरे दिली जात होती. अशाच उत्तरांवरून १९३४ साली कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बचावासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटल्याचा निकाल कर्व्यांच्या विरोधात गेला. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळू नये, असाच त्या शिक्षेचा व्यवहारातील अर्थ होता. दुसरीकडे १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने सुरू झालेल्या संस्थेतून समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षणही दिले जाऊ लागले होते. ज्ञान आणि साहाय्य या दोहोंचा आरंभ महाराष्ट्रात झाला होता. मित्राच्या महाविद्यालयापर्यंत मात्र यांपैकी काहीच पोहोचले नाही.

नाटकाच्या मर्यादा :

तेंडुलकरांनी मित्राला हास्यास्पद केले नाही, तिला दोषीही ठरविले नाही, हे त्यांचे श्रेय आहे. तरीही नाटकाच्या दोन मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे.

पहिली मर्यादा लिंगभाव आणि लैंगिक कल यांच्या सरमिसळीची आहे. मित्राचा धीटपणा, तिचा रांगडेपणा, रंगमंचावरील तिची पुरुषभूमिका या तपशिलांमधून तिचे स्त्रीवरील प्रेम ‘पुरुषीपणा’शी जोडले जाते. वास्तविक स्वतःला स्त्री मानणे वा न मानणे हा एक प्रश्न आहे आणि कोणावर प्रेम करावेसे वाटते हा दुसरा. याच रचनेमुळे नमाची व्यक्तिरेखा दुबळी राहते. रूढ अर्थाने ‘बायकी’ असलेल्या मुलीलाही दुसऱ्या मुलीविषयी स्वतःची इच्छा असू शकते, या शक्यतेला नाटक पुरेशी जागा देत नाही.

दुसरी मर्यादा एकटेपणाची आहे. मित्राला तिच्यासारखी दुसरी स्त्री भेटत नाही. त्यामुळे तिचा मृत्यू परिस्थितीचा परिणाम न वाटता तिच्या प्रकृतीचा परिणाम वाटण्याचा धोका निर्माण होतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ या आत्मकथनाशी तुलना केल्यास हा फरक स्पष्ट होतो. तेथे कथन करणारी व्यक्ती स्वतःच आहे आणि तिच्याभोवती घराणे, गुरू, मैत्रिणी, संघटना असे जग आहे. वैशाली रोडे यांचे शब्दांकन असले तरी कथनाचा अधिकार लक्ष्मीकडे राहतो. दोन्ही व्यक्तींचे प्रश्न भिन्न आहेत. तरीही मित्राला जे मिळाले नाही, ते नेमके काय होते, हे या तुलनेतून कळते.

सौजन्याकडून हक्काकडे :

बीस्टेक यांनी सेवार्थीच्या आत्मनिर्णयाला तत्त्व मानले होते. त्यांच्या मांडणीत हा आत्मनिर्णय सेवार्थीचा हक्क म्हणूनच येतो. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र तो पाळणे अथवा न पाळणे कार्यकर्त्याच्या विवेकावर राहते. सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ निकालात हाच शब्द लिंगओळखीच्या संदर्भात घटनात्मक हक्क म्हणून अवतरला. त्या प्रकरणात लक्ष्मीनारायण त्रिपाठी या हस्तक्षेपकर्त्या होत्या आणि त्यांच्या जीवनानुभवाची नोंद निकालपत्राने घेतली, ही बाब लक्षणीय आहे. २०१९ साली संमत झालेल्या कायद्याने मात्र ओळखपत्रासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राची अट घातली. व्यक्तीच्या सांगण्यावर पुन्हा कोणीतरी शिक्कामोर्तब करावे, अशी ही रचना होती.

समाजकार्याच्या दृष्टीने आणखी दोन निकाल विशेष अभ्यसनीय आहेत. घर सोडून चेन्नईला आलेल्या दोन तरुणींच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी ७ जून २०२१ च्या आदेशापूर्वी या विषयातील स्वतःचे अज्ञान मान्य करून तज्ज्ञाकडून समजावून घेतले. लैंगिक कल बदलण्याच्या तथाकथित उपचारांना त्या आदेशाने मनाई केली. मार्च २०२४ मध्ये केरळमधील अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने व्यक्तीची ओळख वा कल बदलण्याच्या हेतूने समुपदेशनाचे आदेश देऊ नयेत, असे मार्गदर्शन केले. समुपदेशन हे साहाय्याचे साधन दडपणाचे साधनही होऊ शकते, याची ही स्पष्ट कबुली होय.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, ‘मित्राची गोष्ट’ हे केवळ समलिंगी प्रेमाचे नाटक नसून सहानुभूतीच्या अपुरेपणाचे नाटक आहे. बापूची सहानुभूती खरी आहे, परंतु ती त्याची स्वतःची असल्यामुळे तो ती काढून घेऊ शकतो. हक्क तसा काढून घेता येत नाही. समाजकार्याच्या व्यवहाराने या फरकाची दखल घेणे अगत्याचे आहे. व्यक्तिवृत्तांत लिहिताना सेवार्थीने स्वतःसाठी वापरलेला शब्द कायम ठेवणे, कारणे शोधण्याऐवजी गरजा विचारणे, कुटुंबाशी तडजोड हे एकमेव उद्दिष्ट न मानणे आणि साहाय्याची जबाबदारी एका व्यक्तीवर न ठेवता संस्थेवर ठेवणे, या गोष्टी त्यातून ओघाने येतात.

महाविद्यालयांपुरता विचार केल्यास हे नाटक साहित्याच्या वर्गात आणि समाजकार्याच्या वर्गात एकाच वेळी शिकविण्याजोगे आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला त्यातून निवेदकाची मर्यादा कळेल, तर समाजकार्याच्या विद्यार्थ्याला साहाय्यकर्त्याची. मित्राची सर्व कोंडी एका महाविद्यालयाच्या आवारातच झाली आणि तेथील एकाही अध्यापकापाशी ती आपली अडचण घेऊन गेली नाही, ही गोष्ट अध्यापकवर्गाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे.