खोटे अर्थ आणि खरे शब्द

आपल्याकडे शब्दांचे खेळ कांहीं थोडे नाहींत. भेंड्या आहेत, उखाणे आहेत, कूटप्रश्न आहेत. परंतु या खेळांत जिंकतो तो पाठांतराचा नाहीं तर तल्लख बुद्धीचा मनुष्य. खोटें सांगणारास गुण देणारा खेळ मात्र आपल्या घरांत इंग्रजी घरांतून आला आहे. त्याची रीत सोपी आहे. एकानें शब्दकोश उघडून कोणासच ठाऊक नसलेला शब्द काढावयाचा. इतरांनीं त्याचा कल्पित अर्थ चिठ्ठीवर लिहावयाचा. कोशांतला खरा अर्थ त्यांत मिसळून सर्व चिठ्ठ्या एका सुरांत वाचावयाच्या, आणि ज्यानें त्यानें आपणांस खरा वाटेल त्या अर्थास मत द्यावयाचें. आपल्या थापेस जितकीं मतें पडतील तितके गुण आपले. याच धर्तीचा 'कॉल माय ब्लफ' हा कार्यक्रम बी. बी. सी.नें १९६५ सालीं दूरचित्रवाणीवर सुरू केला होता. मराठींत हा खेळ कसा उतरतो तें पाहण्याचा योग गेल्या पावसाळ्यांत मुलुंडास एका आप्तांच्या घरीं आला. त्यावरून त्याच्या गुणदोषांविषयीं चार शब्द लिहावेसे वाटतात.

कोश अर्थात् दाते-कर्वे यांचा, १९३२ ते १९३८ या सालांत सात विभागांनीं निघालेला 'महाराष्ट्र शब्दकोश'. पहिला शब्द निघाला 'निळवें'. एका मुलीनें अर्थ लिहिला, 'कपड्यांस नीळ देण्याचें पसरट भांडें'. दुसऱ्यानें लिहिला, 'डोहांतील गडद पाणी'. प्रस्तुत लेखकानें लिहिलें, 'निळीच्या शेतावर पूर्वीं घेत असत तो कर'. बहुतेक मतें या कराला पडलीं. खरें पाहतां निळवें हें धान्याचें एक लहान माप, शेराचा सोळावा हिस्सा. दोन निळव्यांचें कोळवें, दोन कोळव्यांचें चिपटें, दोन चिपट्यांचें मापटें आणि दोन मापट्यांचा शेर. या अर्थाला एकही मत मिळालें नाहीं.

असें कां व्हावें? तिन्ही थापा 'नीळ' या शब्दाच्या आधारानें उभ्या होत्या. खोट्या अर्थास दुसरा साक्षीदार नसल्यामुळें त्याला शब्दाच्या चेहऱ्याचीच साक्ष काढावी लागते. खऱ्या अर्थास ती गरज नसते. वाण्याच्या दुकानांतलें रोजचें मोजमाप हीच त्याची साक्ष होती, आणि तें दुकान आमच्या दृष्टीआड गेलें होतें. दुसरें असें कीं, माझ्या करास मतें मिळालीं तीं त्यांतील 'पूर्वीं घेत असत' या शब्दांमुळें. कोशाची भाषा कशी असते हें आम्हां सर्वांस ठाऊक आहे, आणि त्या भाषेंत सांगितलेलें कांहींही आम्ही खरें मानतों. केवळ मुलांचीच ही गत आहे असें नव्हे. १९३४ च्या वेब्स्टरच्या थोरल्या इंग्रजी कोशांत 'डॉर्ड' नांवाचा एक शब्द 'घनता' या अर्थानें छापला गेला. वस्तुतः तो शब्दच नव्हता; 'डी किंवा डी', म्हणजे मोठें अथवा लहान अक्षर, हें घनतेचें संक्षिप्त रूप सांगणारी एक चिठ्ठी चुकून शब्दांच्या गठ्ठ्यांत गेली होती. ही चूक संपादकांच्या ध्यानीं आली ती १९३९ सालीं. भाषेच्या डौलावर विश्वास टाकण्याची ही संवय किती भोळी आहे, हें जो खेळ हंसत खेळत दाखवितो त्याचें मोल कमी लेखूं नये.

परंतु त्याच दुपारीं या खेळाचा दोषही दिसून आला. शब्द निघाला 'वैल'. चिठ्ठ्यांत 'बैलाच्या वेसणीची दोरी' होती, 'वेलींचा मांडव' होता, 'घाटांतली चढणीची वाट' होती. 'चुलीस जोडलेली बाजूची लहान चूल' हें वाचलें जातांच, खेळांत नसलेल्या आणि खिडकीशीं तांदूळ निवडीत बसलेल्या त्या घरच्या आजी म्हणाल्या, "अरे, वैल म्हणजे तेंच. चुलीची आंच तिकडे जाते. आम्ही आमटी वैलावर ठेवायचों, म्हणजे पानें वाढीपर्यंत गरम राहायची." मुलें हंसलीं. नातू म्हणाला, "आजी, तूं पण थापा मारतेस होय!" त्यांना वाटलें, ती चिठ्ठी आजींचीच. आजी पुन्हा तांदूळ निवडूं लागल्या. मतें मांडवाला पडलीं. सांगावयास लाज वाटते, पण तीस वर्षें महाविद्यालयांत भाषा शिकविणाऱ्या या लेखकाचें मतही मांडवालाच पडलें. मग कोश वाचला गेला.

अविश्वास हा या खेळाचा नियमच आहे, म्हणून मुलांस दोष देतां येत नाहीं. दोष आहे तो 'दुर्मिळ शब्द' या कल्पनेचा. इंग्रजी खेळांत असे शब्द सहसा पंडितांच्या अडगळींतले असतात; ते कोणाच्याच तोंडीं नसतात, म्हणून त्यांची थट्टा कोणास लागत नाहीं. आमच्या कोशांतले कितीएक शब्द तसे नाहींत. १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें आलीं, तेव्हां निळवें गेलें. चूल जाऊन गॅस आला, तेव्हां वैल गेला. वस्तु गेल्या, पण त्या वापरलेलीं माणसें अजून घरांत आहेत. मोल्स्वर्थ आणि कँडी यांनीं १८३१ चा मराठी-इंग्रजी कोश शास्त्र्यांच्या साह्यानें तयार केला. परक्या मुलखांतून आलेल्या त्या माणसांनीं इथल्यांस विचारून शब्द घेतले. आम्ही मात्र उपनगरांतल्या दोन खोल्यांत, चार हातांवर बसलेल्या माणसास न विचारतां, त्याच्या तोंडच्या शब्दाला अपरिचित ठरवितों.

हा खेळ मराठी घरांत अवश्य खेळावा. एखाद्या व्याकरणाच्या तासापेक्षां त्यांत भाषेचें अधिक शिक्षण आहे. फक्त त्यांत एका नियमाची भर घालावी. मतें घेण्यापूर्वीं नव्हे, परंतु कोश मिटण्यापूर्वीं, तो शब्द घरांतल्या वडील माणसांपुढें ठेवावा, आणि ज्यानें तो कधीं वापरला असेल त्याला सर्वांहून अधिक गुण द्यावे. त्या दिवशीं गुणांच्या कागदावर आजींचें नांव नव्हतें.