गिरणी कामगाराची निष्ठा : एका निदानाची फेरतपासणी

मुंबईच्या कापड गिरण्यांसंबंधीच्या लेखनात रत्नागिरी जिल्ह्याचा उल्लेख बहुधा एका तक्रारीच्या अनुषंगाने येतो. कोकणातला माणूस गिरणीत येतो खरा, पण मनाने गावीच राहतो. लावणीला, शिमग्याला, गणपतीला निघून जातो. यंत्राची शिस्त त्यास मानवत नाही, असे मालक व त्यांचे व्यवस्थापक वर्षानुवर्षे सांगत आले. 1911 च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे या जिल्ह्यात जन्मलेले होते. आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भाग तेव्हा रत्नागिरीतच मोडत असे. अर्थात ही तक्रार मोठ्या अंशाने आपल्याच मुलखातील माणसांविषयी होती. कार्यनिष्ठेच्या अभावाचे हे निदान कितपत ग्राह्य आहे, हे येथे तपासावयाचे आहे.

मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी 1965 साली प्रसिद्ध केलेल्या, मुंबईतील गिरणी कामगारवर्गाच्या उदयावरील ग्रंथात हे निदान उलटे फिरविले. 1854 ते 1947 या काळाची तपासणी करून त्यांनी दाखविले की, गिरण्यांना मजुरांची खरी टंचाई कधी पडलीच नव्हती, आणि बेशिस्त म्हणून जे सांगितले जाई त्याचे मूळ कामगाराच्या ग्रामीण स्वभावात नसून मालकांच्या धोरणात होते. हा सिद्धान्त मुळात मान्य करण्याजोगा आहे. मात्र तो कोणत्या व्यवहारांवर उभा आहे हे नीट पाहिल्यास त्याची मर्यादाही ध्यानात येते.

पहिला व्यवहार जॉबरचा. नेमणूक, बडतर्फी, रजा, बढती हे सर्व व्यवस्थापनाने जॉबरच्या हाती सोपविले. काम हवे तर त्याला दस्तुरी द्यावी लागे. रजेवरून परतल्यावर जागा पुन्हा मिळवावयाची तर पुन्हा त्याचेच तोंड पाहावे लागे. अडीअडचणीला कर्जही पुष्कळदा तोच देई. अशा स्थितीत कामगाराची निष्ठा जॉबरशी जडली तर त्यात नवल कसले? गिरणी कोणाच्या मालकीची याच्याशी त्याला कर्तव्य काय? 1931 च्या व्हिटली आयोगाने नेमणूक व बडतर्फीचे अधिकार जॉबरकडून काढून घेण्याची शिफारस केली, ती याच कारणासाठी. त्याच आयोगाने गावाशी असलेला कामगाराचा संबंध तोडण्याऐवजी तो नियमित करावा, असेही सुचविले होते. मालकांच्या तक्रारीस दिलेले हे उत्तरच होते.

दुसरा व्यवहार पगाराचा. महिना संपल्यावर पगार कित्येक दिवस अडकवून ठेवण्याची गिरण्यांत चाल होती. कामगार एकाएकी निघून जाऊ नये हा तिचा हेतू. फळ मात्र असे की, नवा माणूस पहिल्या दिवसापासून वाणी, खाणावळ आणि सावकार यांचा ऋणको होई. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली 1884 साली कामगारांनी केलेल्या अर्जात साप्ताहिक सुट्टीच्या जोडीने पगार पुढील महिन्याच्या 15 तारखेपर्यंत मिळावा, अशी मागणी होती. रविवारची सुट्टी 1890 मध्ये मिळाली. पगाराची मुदत कायद्याने ठरण्यास मात्र 1936 साल उजाडावे लागले. केलेल्या कामाचे दाम वेळेवर हातात पडावे, एवढ्या साध्या गोष्टीसाठी बावन्न वर्षे!

बदलीची पद्धत याहून खोलवर गेलेली होती. सकाळी गिरणीच्या दारात उभे राहावयाचे, कोणी गैरहजर असेल तर आत जावयाचे, नसेल तर घरी परतावयाचे. 1935 साली मालक संघाने बदली कार्डांची व्यवस्था सुरू केली, तिने जॉबरचा हात थोडा आखडला. बदली ही अवस्था कायमच राहिली.

येथे मॉरिस यांची दृष्टी अपुरी पडते असे वाटते. त्यांची नजर गिरणीच्या दरवाजाबाहेर कोकणापर्यंत फारशी पोचत नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील आगबोटी पावसाळ्यात बंद असत. लावणीसाठी घरी जावयाचे तर समुद्र बंद होण्यापूर्वी निघावे लागे, आणि बोटीनेच परतावयाचे तर तो उघडेपर्यंत थांबावे लागे. हजेरीपटावर जी दीर्घ गैरहजेरी दिसे तिच्यात आळसाइतकाच, किंबहुना अधिक, या वेळापत्रकाचा भाग होता. शिवाय आजारपण, बाळंतपण, म्हातारपण आणि बेकारी यांचा भार गिरणीने उचलला नाही. तो गावच्या घराने उचलला. ज्या विम्याचा हप्ता मालकाने भरला नाही, तो कामगाराने का सोडला नाही असे विचारणे न्याय्य नव्हे.

राजनारायण चंदावरकर यांनी 1994 च्या आपल्या ग्रंथात ही बाजू पुष्कळ भरून काढली. गावाचा आधार होता म्हणूनच कामगार दीर्घ संप लढवू शकला, आणि बाजारातील चढउतारांमुळे मालकांना बदली मजूर सोयीचा वाटला, हे त्यांचे विवेचन महत्त्वाचे आहे. पण या दोन्ही विद्वानांच्या मांडणीत मालकाचे वर्तन जरा अधिकच हिशेबी ठरते. जे घडले त्यात हिशेब होता तशी घोडचूकही होती. महायुद्धकालीन तेजीपासून मिळत आलेला वार्षिक बोनस 1923 मध्ये थांबविण्यात आला. कामगार त्यास पगाराचाच भाग मानू लागले होते. 1924 च्या प्रारंभी सुमारे दीड लाख माणसे संपावर गेली. चौकशी समितीने बोनसवर कामगारांचा हक्क नसल्याचा निर्वाळा दिला. कायद्याने तो बरोबरही असेल, परंतु मने तेवढ्याने वळत नाहीत. त्यानंतर ससून गटाच्या गिरण्यांत दोनाऐवजी तीन साचे सांभाळण्याची योजना आली. कार्यक्षमता वाढविण्यास कोणाचा विरोध असावा? परंतु सुटणाऱ्या माणसांचे काय, आणि वाढलेल्या कामाच्या मोबदल्यात वाटा किती, या प्रश्नांचे समाधान होईल असे उत्तर आधी मिळाले नाही. 1928 च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद राहिल्या. स्वस्त, जॉबरच्या हवाली केलेल्या मजुरीत जी बचत झाली असे मॉरिस मानतात, तिच्या वजाबाकीत हे महिने धरावयास हवेत.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. पगारवाढीबरोबर त्यांच्या मागण्यांत बदली कामगारांना कायम करण्याची मागणी होती. म्हणजे जी अवस्था 1935 साली कार्डांनी नियमित केली, ती 47 वर्षांनंतरही तशीच होती. आणि संप लांबला तेव्हा हजारो कामगार कोकणातल्या आपल्या घरीच परतले.