देवीचा हुकूम आणि लाल बावटा

डेव्हिड हार्डिमन यांच्या ‘द कमिंग ऑफ द देवी’ (१९८७) या ग्रंथाची सुरुवात आमच्या मुरबे परिसराच्या, पालघर तालुक्याच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांपाशी पोचते. देवीची साथ शमावी म्हणून सुरू झालेली उपासना १९२२ च्या अखेरीस सुरत जिल्ह्यातील आदिवासींत गेली. अंगात आलेली देवी दारू-ताडी सोडायला सांगू लागली. तिचा हुकूम पारशी दारूविक्रेत्यांवरचा बहिष्कार ठरला. या श्रद्धेला हार्डिमन भाबडेपणा म्हणत नाहीत, हे मला मोलाचे वाटते. पण म्हणून श्रद्धाच उठावाचे कारण ठरत नाही. १९४५ च्या वारली उठावात देवीच्या जागी लाल बावटा आला. वेठबिगारी जुनीच होती. धर्म बंडाला भाषा आणि धीर देतो. कारण जमीनदाराच्या शेतावरच सापडते.