फडाची धुरा वाहणाऱ्या नर्तकी

श्रीगोंद्याच्या पंचक्रोशीत, घोड आणि भीमा यांच्या काठच्या गावांतून, चैत्र-वैशाखातील जत्रेला तमाशा आणावयाचा म्हणजे वर्गणीची तजवीज झाल्यावर पंचमंडळींनी नारायणगावच्या राहुट्या गाठाव्यात, फडमालकांशी बोलणी करावीत आणि सुपारी ठरवून परतावे, असा रिवाज आहे. परंतु ज्या फडाशी हा करार होतो त्याची धुरा पुष्कळदा एकेकाळी त्याच रंगमंचावर नाचलेल्या स्त्रीने वाहिलेली असते, या गोष्टीचा विचार आमच्या समीक्षेने फारसा केलेला नाही. लावणीच्या अदाकारीवर आपण विपुल लिहिले; शंभराहून अधिक माणसांचा बिऱ्हाडबाजार दसऱ्यापासून वैशाखापर्यंत मुलूखभर हलता ठेवणे हेही कलेचेच अंग आहे, हे मात्र आपल्याला उमगले नाही.

संगमनेरच्या कांताबाई सातारकर यांचे चरित्र या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. 1939 मध्ये गुजरातेत, दगडाच्या खाणीवर मजुरी करणाऱ्या कुटुंबात जन्मलेली, साताऱ्यात वाढलेली ही नर्तकी तुकाराम खेडकरांच्या फडात आली, त्यांची सहचारिणी झाली, आणि 1964 मध्ये खेडकरांच्या निधनानंतर पदरी लहान मुले असताना खचून न जाता पुढे तिने त्यांच्या नावाशी आपले नाव जोडून स्वतःचा फड उभा केला. नृत्याइतकाच वगावर तिचा अधिकार होता; शिवाजी महाराजांची भूमिका करणाऱ्या या स्त्रीने, फडाची मालकी आणि रंगमंचावरील नायकत्व ही दोन्ही पुरुषांची मिरासदारी आहे हा समज मोडून काढला. तिची थोरवी मला येथे विशेष जाणवते.

नर्तकीनेच संस्था उभारल्याचे परदेशातील एक उदाहरण तुलनेसाठी घेऊ: लंडनच्या निनेट द व्हॅल्वा याही नर्तकीच. रशियन बॅलेचे संयोजक दियागिलेव्ह यांच्या मंडळीत नाचलेल्या या बाईंनी 1931 मध्ये सॅडलर्स वेल्स नाट्यगृहाच्या आश्रयाने नृत्यसंस्था आणि विद्यालय यांचा पाया घातला, आणि 1956 मध्ये त्या संस्थेला राजसनद मिळाली. त्यांच्या पाठीशी कायम नाट्यगृह आणि पुढे सरकारी अनुदान होते. आमच्या फडमालकिणीच्या पाठीशी सावकाराचे कर्ज, आणि हंगाम सुरू होण्यापूर्वीच कलावंतांना द्यावयाची उचल. पाऊस पडला, जत्रा मोडली, की तो सारा हिशेब कोसळतो. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांसारखी राष्ट्रपतिपदकाने गौरविलेली थोर कलावतीही अखेरच्या काळात विपन्नावस्थेत राहिली, याचे कारण तिच्या कलेत नव्हे, या अर्थव्यवस्थेत शोधले पाहिजे.

याचा परिणाम रंगमंचावरही स्पष्ट दिसतो. गण, गौळण, बतावणी आटोपशीर होतात, चित्रपटगीतांची रंगबाजी लांबते, आणि रात्रभर चालणारा वग पहाटेच्या घाईत उरकला जातो. प्रेक्षकांच्या रुचीला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही, कारण कर्जबाजारी मालकाला नव्या वगाच्या तालमीसाठी महिनाभर फड पोसणे परवडत नाही. 2020 पासून कोरोनाच्या महामारीने हंगामच बुडवले; कांताबाईही 25 मे 2021 रोजी त्याच रोगाने गेल्या. फड त्यांचे पुत्र रघुवीर खेडकर चालवीत आले आहेत. शासनाने जीवनगौरव पुरस्कार दिले, हे योग्यच. परंतु आषाढ-श्रावणात, फड घरी बसलेले असताना, तालमीकरिता बिनव्याजी पेशगी आणि एखादे कायमचे तालीमघर मिळाले, तर नवा वग पुन्हा लिहिला जाईल आणि फडात घडलेल्या मुलींना मालकी पेलण्याचे शिक्षणही तेथेच मिळेल.