मुखवट्याचं वजन

"मामा, बाण कुठंय?"

दिवाळीच्या सुट्टीत भाचा नाशिकला आला होता. स्कायरिमवर वाढलेला मुलगा. त्याच्यापुढं मी मॉरोविंड लावून दिला होता. खेळातल्या एका गावकऱ्यानं त्याला वाट सांगितली: पूल ओलांड, नदी उजव्या हाताला ठेवून वर जा, वाट फुटली की डावी धर. त्यानं ते वाचलं, मग पडद्यावर वाट दाखवणारा बाण शोधला. बाण नाही म्हटल्यावर त्याला वाटलं, गेम बिघडलाय. 'एल्डर स्क्रोल्स' मालिकेतला कोणता भाग सरस यावर खेळणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं जे भांडण चाललंय, त्याचं मूळ या एका प्रश्नात आहे.

ज्यांनी ही मालिका खेळलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या बेथेस्डा कंपनीनं १९९४ मध्ये 'अरीना' काढला, १९९६ मध्ये 'डॅगरफॉल', २००२ मध्ये 'मॉरोविंड', २००६ मध्ये 'ऑब्लिव्हियन' आणि २०११ मध्ये 'स्कायरिम'. टॅम्रिएल नावाचा एक कल्पित खंड आहे. पहिल्या भागात तो सगळाच होता, पुढं दर भागात त्यातला एखादा प्रदेश. मॉरोविंडपासून तुम्ही दरवेळी कैदी म्हणून डोळे उघडता, आणि सुटल्यावर कोण व्हायचं ते तुमचं तुम्ही ठरवता. या जातीच्या खेळांना आपण इंग्रजीतून आरपीजी म्हणतो. मराठीत त्याला जुना आणि नेमका शब्द आहे: सोंग.

सोंग म्हणजे काय हे नाशिककराला शिकवावं लागत नाही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक या आपल्या आदिवासी पट्ट्यात आणि पलीकडं जव्हार-मोखाड्यात बोहाडा होतो. रात्री संबळ आणि पिपाणी वाजायला लागते आणि देवदानवांची एकेक सोंगं नाचत येतात. मुखवटा लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा. तो एकदा चढला की चेहऱ्याला काही करता येत नाही. रावण दाखवायचा तो पायांतून आणि खांद्यांतून. मुखवट्याच्या वजनानं मान जखडते, समोरचं नीट दिसत नाही, आणि त्या अडचणीतूनच ती विशिष्ट चाल येते. वजन काढून घेतलं तर नाच सोपा होईल, पण रावण उरणार नाही. सोंग घेणं वेगळं आणि सोंग वठणं वेगळं, हा भेद आपली भाषा फार पूर्वीपासून करते. एल्डर स्क्रोल्सच्या भागांची तुलना मी याच भेदावर करतो, कारण ग्राफिक्सवर केलेली तुलना दहा वर्षांत शिळी होते.

डॅगरफॉलमध्ये वजन भरपूर होतं, पण नाचायला अंगण फारच मोठं. पंधरा हजारांहून अधिक गावं, शहरं आणि भुयारं. बहुतेक सगळी संगणकानं गणितानं मांडलेली, म्हणून एकमेकांसारखी. तरी त्यात अशा गोष्टी होत्या की आजही हेवा वाटावा. पात्र घडवताना तुम्ही स्वतःला व्यंग लावून घेऊ शकत होता, अगदी उन्हात अंग पोळण्यापर्यंत. बँकेतून कर्ज काढता येई आणि बुडवलं तर सरकार मागं लागे. चोरी करताना सापडलात तर न्यायालयात उभं राहून गुन्हा कबूल करायचा की नाकारायचा, हे ठरवावं लागे. पुढच्या भागांनी नकाशा लहान केला हे बरं केलं. त्याबरोबर न्यायालयही गेलं, याचं मला वाईट वाटतं.

मॉरोविंड मी नाशिकमध्ये पहिल्यांदा खेळलो तो भारनियमनाच्या काळात. वीज कधी जाईल याचा भरवसा नसे, म्हणून सेव्ह करण्याबरोबर मी एक वही ठेवत असे. एका पानावर खेळातली माणसं सांगत ते रस्ते, दुसऱ्या पानावर न कळलेले इंग्रजी शब्द. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला हा खेळ जड होता, कारण त्यातलं जवळजवळ सगळं बोलणं छापील आहे आणि वाचल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. सांगितलेली वाट कधी चुकीचीही निघते. ज्या माणसानं ती सांगितली त्याच्याबद्दल मग तुमचं एक मत बनतं. आपल्याकडं खेड्यात पत्ता विचारल्यावर जे होतं, तेच. बाणाबद्दल कुणाचं मत बनत नाही.

या भागात जग तुम्हाला नाही म्हणतं. टेलव्हानी घराण्याचे जादूगार प्रचंड अळंब्यांतून वाढवलेल्या मनोऱ्यांत राहतात, आणि वरच्या दालनात जायला जिनाच नाही. उडता येत असेल तर या. तीन घराण्यांपैकी एकाचंच होता येतं. बाकी दोघांची दारं त्या खेळापुरती बंद. जादूगारांच्या संघात वर चढायचं तर ठरावीक विद्या ठरावीक पातळीपर्यंत यायलाच हव्यात. कुणालाही मारता येतं, ज्याच्यावाचून मुख्य कथा अडेल अशालाही. मग एक संदेश येतो: भविष्यवाणीचा धागा तुटला आहे, मागं जा किंवा या बुडालेल्या जगात राहा. आणि ज्याला चिकाटी आहे त्याच्यासाठी त्यातूनही एक आडवाट ठेवलेली आहे, जी खेळ स्वतःहून सांगत नाही.

मराठी वाचकाला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या खेळात माणसाचा देव झालेला एक कवी आहे, त्याचं नाव विवेक. अर्धं अंग सोनेरी, अर्धं राखेच्या रंगाचं. पुरुषही आणि स्त्रीही. त्याला पहिल्यांदा बघताना मला अर्धनारीश्वर आठवला. त्याच्या राजाचा खून झाला की नाही, झाला तर कोणी केला, याच्या अनेक कथा खेळातल्या पुस्तकांत विखुरलेल्या आहेत आणि एकही दुसरीशी जुळत नाही. खेळ शेवटपर्यंत निकाल देत नाही. एकाच प्रसंगाची चार पुराणांत चार रूपं ऐकत वाढलेल्या माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. या माध्यमात लेखन म्हणून यापेक्षा धीट काही मी फार थोडं वाचलं आहे.

पण मॉरोविंडच्या भक्तांशीही माझं भांडण आहे. तलवार शत्रूच्या अंगातून आरपार गेलेली दिसते आणि पडद्याआडचा फासा सांगतो की वार हुकला. हे तेव्हाही वाईट होतं. गावातली माणसं दिवसरात्र एकाच जागी उभी राहतात, आणि दहा जणांना एकच प्रश्न विचारला तर शब्दन्‌शब्द तेच उत्तर मिळतं. कौशल्यं मॉरोविंडमध्ये २७ होती, ऑब्लिव्हियनमध्ये २१ झाली, स्कायरिममध्ये १८, ही घसरणच आहे असं म्हणत हे भक्त आकडे तोंडावर फेकतात. तो मुद्दा मला पटत नाही. आखूड पातं आणि लांब पातं अशी दोन वेगळी कौशल्यं एक केल्यानं कुणाचं सोंग बिघडलं नाही. संघांच्या दारावरच्या अटी काढल्या, तिथं ते बिघडलं.

ऑब्लिव्हियननं माणसांना दिनक्रम दिला आणि प्रत्येकाला आवाज दिला. पॅट्रिक स्ट्युअर्ट सम्राट, शॉन बीन त्याचा वारस. आवाज आला तसं बोलणं आखडलं, कारण प्रत्येक वाक्य नटाकडून म्हणवून घ्यायचं आणि डिस्कवर मावायचं. आवाज मोजके, माणसं शेकडो, त्यामुळं नगररक्षक आणि दुकानदार एकाच गळ्यानं बोलू लागले. त्याहून मोठी चूक पातळीची. तुम्ही वाढाल तसे शत्रूही वाढतात. शेवटी रस्त्यावरचा दरोडेखोर काचेचं अमूल्य चिलखत घालून थोड्याशा मोहरांसाठी अडवतो. मग वाढलात कशासाठी?

तरी मालिकेतला सोंगाचा सगळ्यात सुंदर तास ऑब्लिव्हियनमध्येच आहे. मारेकऱ्यांच्या पंथासाठी तुम्हाला एका वाड्यात पाठवतात. आत पाच पाहुणे, दार बाहेरून बंद, आणि वाड्यात सोन्याची पेटी लपवली आहे अशी त्यांची समजूत. सहावे तुम्ही, त्यांच्यातलेच एक असल्याचं भासवणारे. एकेकाला मारायचं आणि उरलेल्यांबरोबर हळहळायचं. त्यांना एकमेकांचा संशय येतो, एखादा तुमच्यावर विश्वास टाकतो. मी तिथं तलवार कमी आणि तोंड जास्त वापरलं. आपण जे नाही ते वठवणं, हेच त्या तासाचं काम आहे, आणि ते जमलं याची शरमही वाटते.

स्कायरिमचं मोठेपण वेगळं आहे. ती एक जागा आहे, आणि जागा म्हणून मालिकेत तिला तोड नाही. बर्फाच्या वाऱ्यात हाय ह्रोथगारची चढण चढताना मला सप्तशृंगीच्या जुन्या पायऱ्या आठवल्या. धाप खेळणाऱ्याला लागते. सहा कोटींहून अधिक प्रती खपल्याचं कंपनीनं २०२३ मध्ये सांगितलं, आणि इतकी माणसं त्या डोंगरांत राहून आली याचा मला आनंदच आहे. पण तिथं चार मंत्रांच्या जोरावर माणूस जादूच्या विद्यापीठाचा प्रमुख होतो. तोच योद्ध्यांचा नायक, तोच चोरांचा म्होरक्या, तोच मारेकऱ्यांचा धनी, सगळं एकाच वेळी. कुणी अडवत नाही, कुणी आठवण ठेवत नाही. कथेला लागणारी माणसं मरत नाहीत, गुडघ्यावर बसून पुन्हा उठतात. भाच्याला मी विचारलं, तुझा माणूस कसा होता? त्यानं चिलखताचं नाव सांगितलं.

एप्रिल २०२५ मध्ये ऑब्लिव्हियन नव्या रूपात आला तेव्हा जुनी भांडणं पुन्हा पेटली. वाढीची पद्धत त्यात सुधारली आहे, चेहरे पार बदलले आहेत. मला त्या निमित्तानं झालेली चर्चा जास्त मोलाची वाटली. कुसुमाग्रजांच्या 'नटसम्राट'चं वय पन्नासच्या पुढं गेलं, तरी डॉ. लागूंचे आप्पा की दत्ता भटांचे, हा वाद नाशिकच्या चहाच्या टपरीवर निघतो आणि त्यातून नव्या पिढीला कळतं की एकाच संहितेत काय काय दडलेलं असतं. खेळांच्या जगात समीक्षा बहुतेक वेळा प्रकाशनाच्या आठवड्यात उरकते आणि गुण देऊन मोकळी होते. मालिकेची स्मृती सांभाळायचं काम खेळणारेच करतात. त्यांनी ते हातानंही केलं आहे: 'टॅम्रिएल रीबिल्ट' या प्रकल्पात हौशी मंडळी मॉरोविंड प्रांताचा उरलेला मुलूख वीस वर्षांहून अधिक काळ बांधत आली आहेत. मूळ खेळात त्या प्रांतातलं एकच बेट होतं.

मालिकेनं सोडलेला सोंगाचा धागा इतर खेळांनी उचलला. २०१९ च्या 'डिस्को एलिझियम'मध्ये लढाई जवळजवळ नाहीच; स्मृती गेलेला एक पोलीस आणि त्याच्या डोक्यात भांडणारे त्याचेच गुण. २०२३ च्या 'बाल्डर्स गेट ३'नं फासा उघडपणे पडद्यावर टाकला आणि हरलेल्या फाशालाही पुढची गोष्ट दिली. आपल्या जवळचं उदाहरण पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचं. २०२० चा 'राजी' हा आरपीजी नव्हे, त्यात राजीच व्हावं लागतं. पण पहाडी शैलीतली चित्रं आणि सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली कथा पाहताना कळतं की इथल्या मातीतलं रूप या माध्यमात उपरं वाटत नाही. बोहाड्याचा मुखवटा चढवून खेळायचा खेळ कुणीतरी करावा असं मला फार मनापासून वाटतं. मुखवटा घातल्यावर दिसणं कमी व्हावं, एवढी एक गोष्ट त्यात असली तरी मी तो विकत घेईन.

सहाव्या एल्डर स्क्रोल्सची घोषणा २०१८ मध्ये झाली. डोंगरांवरून फिरणारी छोटीशी चित्रफीत, बस. तो येईल तेव्हा मी आधी एखादं न उघडणारं दार शोधेन.

भाच्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं. पहिल्या गावाबाहेर एक जादूगार किंचाळत आकाशातून त्याच्यासमोर पडला आणि मेला. त्याच्याजवळ एक रोजनिशी होती आणि तीन गुंडाळ्या. बाण नव्हता, कुणी काही सांगणार नव्हतं. भाच्यानं एक गुंडाळी वाचून उडी मारली, अर्धं बेट पायाखालून गेलं, आणि तो जमिनीवर आदळून मेला. मी गप्प राहिलो. त्यानं सेव्ह उघडलं, रोजनिशी काढून मोठ्यानं वाचली, अडलेला एक शब्द मला विचारला. मग पुन्हा उडी घेतली, आणि खाली येताना जमीन अगदी जवळ आल्यावर दुसरी गुंडाळी वाचली. तो दोन पायांवर उतरला. कुठं आलोय ते त्याला कळत नव्हतं. त्यानं माझी वही मागितली.